व्हिडिओ गेमची समीक्षा : संहिता, प्रयोग आणि गुणांक

गोषवारा

व्हिडिओ गेम प्रकाशित होताच त्यावरील परीक्षणे व त्या परीक्षणांचा सरासरी गुणांक प्रसिद्ध होतो. हा गुणांक त्या कलाकृतीवरील अंतिम निवाडा म्हणून वाचला जातो. प्रस्तुत लेखात २०१० ते २०२५ या काळातील निवडक गेमविषयीच्या समीक्षामतांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, गेमचे परीक्षण हे नाट्यसंहितेच्या समीक्षेपेक्षा नाट्यप्रयोगाच्या परीक्षणाला अधिक जवळचे असते. ते विशिष्ट काळी, विशिष्ट यंत्रावर, विशिष्ट खेळाडूने आणि विशिष्ट भाषेत घेतलेल्या अनुभवाची साक्ष असते. गुणांक नेमक्या याच चार गोष्टी पुसून टाकतो. त्यामुळे परीक्षण कसे वाचावे आणि मराठीत ते कसे लिहावे, या दोन्ही प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, परीक्षण, गुणांक, संहिता, प्रयोग, साधारणीकरण.

प्रस्तावना

पदवी वर्गाला परीक्षणलेखन शिकविताना विद्यार्थ्यांना आवडत्या कलाकृतीचे परीक्षण लिहावयास सांगितले, तर बहुतेक जण चित्रपट निवडतात. अलीकडे मात्र व्हिडिओ गेमची निवड करणारे विद्यार्थीही आढळू लागले आहेत. अशाच एका विद्यार्थ्याने आपल्या लेखनाचा प्रारंभ 'सायबरपंक २०७७ या गेमला १०० पैकी ८६ गुण आहेत' या वाक्याने केला होता. हे गुण कोणी दिले, केव्हा दिले आणि कोणत्या यंत्रावर खेळून दिले, असे विचारता त्याला उत्तर देता आले नाही. मात्र तो गेम आपल्या जुन्या यंत्रावर नीट चालला नाही, हे त्याने तोंडी सांगितले. लिहिलेल्या परीक्षणात त्याचा उल्लेखही नव्हता. स्वतःच्या अनुभवापेक्षा आकडा त्याला अधिक विश्वसनीय वाटला होता.

ही बाब एका विद्यार्थ्यापुरती मर्यादित नाही. कन्सोलवर खेळावयाच्या मोठ्या नव्या गेमची किंमत आज आपल्याकडे चार ते पाच हजार रुपयांच्या घरात जाते. मध्यमवर्गीय कुटुंबात ही खरेदी विचारपूर्वकच केली जाते आणि त्या विचाराचा आधार बहुधा परीक्षणांचा गुणांक हाच असतो. दुसरीकडे, नाटक आणि चित्रपट यांच्या परीक्षणाची दीर्घ परंपरा मराठी वृत्तपत्रांना व नियतकालिकांना असली, तरी गेमच्या परीक्षणाचे नियमित सदर मराठीत अपवादानेच आढळते. परिणामी आपला तरुण वाचक एका नव्या कलाप्रकाराचा मोठा आस्वादक आहे. परंतु त्या आस्वादाविषयी बोलण्याची भाषा त्याच्यापाशी नाही. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत विषयाची चर्चा अगत्याची वाटते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) गेमविषयक समीक्षामतांची व गुणांकपद्धतीची घडण स्पष्ट करणे.
२) निवडक गेमच्या आधारे या पद्धतीच्या मर्यादा दाखविणे.
३) मराठीतील गेमपरीक्षणासाठी काही निकष सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. निवडलेले गेम सर्वोत्कृष्ट आहेत असा दावा नाही. त्यांच्याविषयीच्या मतभेदांतून समीक्षेचे स्वरूप उघड होते, हाच निवडीचा निकष आहे.

१. गेमसमीक्षेची पार्श्वभूमी

एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात, ज्या संहितेतून मार्ग काढण्यासाठी वाचकाला खास प्रयत्न करावा लागतो अशा संहितेचा विचार मांडला. २००१ मध्ये गेमच्या अभ्यासाला वाहिलेले 'गेम स्टडीज' हे नियतकालिक सुरू झाले. २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग यांनी 'बायोशॉक' या गेमचे परीक्षण करताना एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केला. गेमची कथा एक मूल्य सांगते आणि खेळण्याचे नियम दुसऱ्याच मूल्याला बक्षीस देतात, हा त्यांचा आक्षेप होता. यास आपण 'कथा-क्रीडा विसंवाद' असे म्हणू शकतो. कादंबरीच्या किंवा चित्रपटाच्या समीक्षेतून हा निकष मिळाला नसता. तो गेमच्या स्वतःच्या स्वरूपातून आला.

याउलट ख्यातनाम चित्रपटसमीक्षक रॉजर एबर्ट यांनी २०१० मध्ये, व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकत नाहीत, अशी भूमिका मांडली. त्यावर मोठा वाद झाला. त्याच वर्षी त्यांनी, ज्या गोष्टीचा पुरेसा अनुभव आपण घेतला नाही तिच्याविषयी असे विधान करावयास नको होते, अशा आशयाची कबुलीही दिली. या प्रसंगाचे मर्म असे की, गेमविषयीचे मत खेळल्यावाचून देता येत नाही. खेळणे ही या समीक्षेची पूर्वअट होय. पुढील सर्व प्रश्न याच पूर्वअटीतून उद्भवतात.

२. गुणांकाची यंत्रणा

२००१ मध्ये सुरू झालेले 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ निरनिराळ्या प्रकाशनांतील परीक्षणांचे गुण १०० च्या मापात आणून त्यांची भारित सरासरी काढते. कोणत्या प्रकाशनाच्या मताला किती भार दिला जातो, हे मात्र जाहीर केले जात नाही. समीक्षकाने प्रथम दिलेला गुणच ग्राह्य धरण्याचे या संकेतस्थळाचे धोरण आहे; मागाहून मत बदलले तरी सरासरीत फरक पडत नाही.

या मापाचा आणखी एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. चित्रपटाला ६१ ते ८० गुण मिळाल्यास 'सामान्यतः अनुकूल' असा शेरा मिळतो. गेमला तोच शेरा मिळविण्यासाठी किमान ७५ गुण लागतात. म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट अनुकूल मतांचा ठरतो आणि ६५ गुणांचा गेम संमिश्र मतांचा. गेमच्या क्षेत्रात गुण देण्याची पातळीच वर सरकलेली आहे आणि ७० च्या खालील गेम न खेळण्याजोगा असा समज त्यातून रूढ झाला आहे.

आकड्याचे परिणाम केवळ वाचकापुरते राहत नाहीत. २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या 'फॉलआउट : न्यू व्हेगास' या गेमच्या निर्मात्या ऑब्सिडियन संस्थेला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास अतिरिक्त मोबदला मिळावयाचा होता. गेमला ८४ गुण मिळाले. एका गुणाने हा मोबदला हुकल्याचे संस्थेतील ज्येष्ठ लेखक-दिग्दर्शक ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढे या गेमची गणना आपल्या प्रकारातील उत्तम गेममध्ये होऊ लागली. मत पालटले, परंतु मोबदल्याचा निर्णय पहिल्या आकड्यावर होऊन गेला होता.

तथापि गुणांक सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे म्हणणे एकांगी ठरेल. फ्रान्समधील माँपेलिए येथील सँडफॉल इंटरॲक्टिव्ह या नवख्या संस्थेचा 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३' हा गेम २४ एप्रिल २०२५ रोजी प्रकाशित झाला. समीक्षकांच्या एकमुखी प्रशंसेमुळे त्याच्याकडे जगभरातील खेळाडूंचे लक्ष वेधले गेले आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो त्या वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. अपरिचित कलाकृतीकडे बोट दाखविण्याचे काम आकडा उत्तम करतो. ती का चांगली आहे हे मात्र तो सांगू शकत नाही.

३. संहिता आणि प्रयोग

मराठी नाट्यव्यवहारात 'संहिता' आणि 'प्रयोग' हा भेद रुळलेला आहे. संहिता छापील स्वरूपात स्थिर असते. प्रयोग दररोज नव्याने होतो. शुभारंभाचा प्रयोग विस्कळीत वाटावा आणि पाचपंचवीस प्रयोगांनंतर तेच नाटक रुळावे, हा नाट्यरसिकांचा नित्याचा अनुभव आहे. म्हणूनच जाणता नाट्यसमीक्षक आपण कोणता प्रयोग, कोणत्या संचात पाहिला हे ध्यानात ठेवून लिहितो.

गेमलाही हा भेद लागू करता येतो. निर्मात्याने लिहिलेले नियम, कथा व दृश्यरचना ही गेमची संहिता. एखाद्या खेळाडूने ती विशिष्ट यंत्रावर खेळणे हा तिचा प्रयोग. परीक्षक संहितेवर मत देत असल्याचा आभास होत असला, तरी त्याच्या हाती आलेला असतो तो एक प्रयोगच.

हे साम्य एका मर्यादेपर्यंतच नेता येते, हेही नोंदविले पाहिजे. नाटकात नट आणि प्रेक्षक भिन्न असतात. गेममध्ये खेळाडू हाच नट आणि तोच प्रेक्षक असतो. शिवाय नाटकाची संहिता सहसा कायम राहते. गेमची संहिता मात्र प्रकाशनानंतरही सुधारित आवृत्त्यांद्वारे बदलत राहते. म्हणजे गेमच्या बाबतीत प्रयोगाची अनिश्चितता नाटकाहूनही अधिक असते. ही अनिश्चितता काळ व यंत्र, खेळाडू आणि भाषा अशा तीन अंगांनी पुढे पाहू.

४. काळ आणि यंत्र : 'सायबरपंक २०७७' व 'बाल्डर्स गेट ३'

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी प्रकाशित झाला. त्यापूर्वी ७ डिसेंबरपासून परीक्षणे प्रसिद्ध होऊ लागली. समीक्षकांना आगाऊ प्रत मिळाली ती संगणकावरील आवृत्तीची. कन्सोलवरील आवृत्ती त्यांना प्रकाशनापूर्वी देण्यात आली नव्हती. सुरुवातीच्या परीक्षणांत तांत्रिक दोषांचा उल्लेख होता, परंतु नगराची भव्यता आणि कथनाची ताकद यांची प्रशंसाच अधिक होती. त्या विश्वासावर प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर खेळणाऱ्यांनी गेम घेतला. त्यांच्या वाट्याला अडखळणारी, वारंवार बंद पडणारी आवृत्ती आली. संस्थेने जाहीर माफी मागून पैसे परत देण्याची तयारी दर्शविली. प्रकाशनानंतर साधारण आठवड्याभरात सोनीने आपल्या प्लेस्टेशन दुकानातून हा गेम काढून टाकला; तो जून २०२१ मध्येच परत आला.

मेटाक्रिटिकवर संगणक-आवृत्तीचा गुणांक ८६, तर प्लेस्टेशन ४ आवृत्तीचा ५७ आहे. एकाच नावाच्या कलाकृतीचे हे दोन निवाडे आहेत. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. कारण ते दोन भिन्न प्रयोगांचे निवाडे आहेत. समीक्षकांनी खोटे लिहिले नव्हते. त्यांनी पाहिलेला प्रयोग वाचकाला मिळणार नव्हता, इतकेच. मात्र ही गोष्ट स्पष्टपणे सांगणे हे परीक्षणाचे कर्तव्य होते आणि अनेक परीक्षणांत तो इशारा ठळकपणे आला नाही.

पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये २.० ही सुधारित आवृत्ती आणि 'फँटम लिबर्टी' हा विस्तारित भाग आला. लढतीचे व कौशल्यांचे नियम मुळातून बदलले. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये या गेमला 'सर्वोत्तम प्रवर्तमान गेम' हा सन्मान मिळाला. आज हा गेम खेळणाऱ्याच्या हाती जे येते, ते २०२० च्या परीक्षणातील वर्णनाशी जुळत नाही. ८६ हा आकडा मात्र तसाच आहे.

बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३'चे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. ६ ऑक्टोबर २०२० रोजी या गेमचा पहिला अंक अपूर्ण अवस्थेत, तसे स्पष्ट सांगून, विक्रीस ठेवण्यात आला. जवळजवळ तीन वर्षे खेळाडूंच्या प्रतिक्रिया विचारात घेऊन ३ ऑगस्ट २०२३ रोजी तो पूर्ण स्वरूपात आला. नाटकाच्या रंगीत तालमीला प्रेक्षकांना बोलवावे, तसा हा प्रकार होता. संपूर्ण गेम अतिशय दीर्घ असल्याने अनेक प्रकाशनांनी प्रथम गुण न देता 'चालू परीक्षण' प्रसिद्ध केले आणि गेम पूर्ण केल्यावर अंतिम मत दिले. संगणक-आवृत्तीचा गुणांक ९६ इतका उच्च असूनही तिसऱ्या अंकातील तांत्रिक दोषांची नोंद समीक्षकांनी केली. आपण किती पाहिले हे सांगून मत राखून ठेवण्याची ही पद्धत अधिक प्रामाणिक होय.

५. खेळाडू : 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'

१९ जून २०२० रोजी प्रकाशित झालेल्या नॉटी डॉग संस्थेच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेमला समीक्षकांचा गुणांक ९३ मिळाला. त्याच संकेतस्थळावरील सामान्य खेळाडूंचा गुणांक पहिल्या काही दिवसांत १० पैकी ४ च्याही खाली गेला. हा गेम पूर्ण करण्यास २० तासांहून अधिक वेळ लागतो. परंतु प्रतिकूल मतांचा ओघ प्रकाशनानंतर काही तासांतच सुरू झाला होता. जुलै २०२० मध्ये मेटाक्रिटिकने गेम प्रकाशित झाल्यावर ३६ तासांपर्यंत खेळाडूंची मते न स्वीकारण्याचा नियम केला. यास संघटित गुणपातन म्हणता येईल आणि त्याचा बराच भाग समीक्षा या संज्ञेस पात्र नाही.

तरीही या विरोधाला एक गंभीर बाजू आहे. पहिल्या भागाचा नायक जोएल याची हत्या ॲबी नावाची तरुणी करते. पुढे गेमच्या मोठ्या भागात खेळाडूला त्याच ॲबीची भूमिका करावी लागते. भट्टनायक व अभिनवगुप्त यांच्या परंपरेतील साधारणीकरणाची संकल्पना येथे उपयोगी पडते. नाट्यगृहातील सहृदयाला पात्राच्या व्यक्तिविशिष्ट सुखदुःखापासून मुक्त होऊन भावाचा आस्वाद घेता येतो. कारण कृती नट करतो आणि तो स्वतः पाहतो. गेममध्ये कळ खेळाडूला स्वतः दाबावी लागते. ज्या व्यक्तीविषयी मनात द्वेष आहे, तिच्या वतीने वार करावयाचा असतो. काहींच्या बाबतीत या सक्तीतून सहानुभूतीचा विलक्षण विस्तार झाला. काहींच्या बाबतीत साधारणीकरणच घडले नाही. हिंसा वाईट आहे हे सांगण्यासाठी गेम खेळाडूकडूनच अखंड हिंसा करवून घेतो, असा आक्षेप काही समीक्षकांनीही घेतला. हॉकिंग यांचा कथा-क्रीडा विसंवादाचा निकष येथे नव्या रूपात पुढे येतो.

९३ आणि ४ या दोन आकड्यांपैकी कोणता खरा, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो. खेळाडूला कर्ता करून त्याच्या नैतिक भावनेला हात घालणारा गेम सर्वांना सारखाच भावेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. हा भेद उलगडून दाखविणे हे समीक्षेचे काम आहे. सरासरी तो भेद मिटविते.

६. भाषा व संस्कृती : 'सिल्कसाँग' आणि 'राजी'

ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या छोट्या संस्थेचा 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' हा गेम दीर्घ प्रतीक्षेनंतर ४ सप्टेंबर २०२५ रोजी प्रकाशित झाला. समीक्षकांना आगाऊ प्रती देण्यात आल्या नाहीत; समीक्षक आणि खेळाडू यांनी तो एकाच क्षणी सुरू केला. त्याची प्रशंसा मोठ्या प्रमाणावर झाली आणि त्याच्या काठिण्यावर वादही झाला. परंतु येथे महत्त्वाची आहे ती वेगळी घटना. 'स्टीम' या विक्रीमंचावर इंग्रजीतील मते अत्यंत अनुकूल असताना सरलीकृत चिनी भाषेतील मतांमध्ये मोठी नाराजी व्यक्त झाली. तिचे एक प्रमुख कारण चिनी अनुवाद हे होते. मूळ संवादांच्या तुलनेत अनुवादाची भाषा जुन्या वळणाची व बोजड असल्याची खेळाडूंची तक्रार होती आणि निर्मात्यांनी सुधारणेचे आश्वासन दिले. ऑगस्ट २०२५ मध्येच स्टीमने भाषानिहाय गुणांक दाखविण्यास प्रारंभ केला होता, ही बाब येथे सूचक आहे. भाषा बदलली की प्रयोग बदलतो.

आपल्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या गेमचे आहे. निधिसंकलनाचा पहिला प्रयत्न अयशस्वी होऊनही संस्थेने काम चालू ठेवले आणि ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर व ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर हा गेम आला. असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी दुर्गेच्या कृपेने त्रिशूळ धारण करते, असे त्याचे कथानक आहे. राजस्थानी वास्तुकलेवर आधारलेली दृश्ये, भिंतीवरील पुराणचित्रे, छायाबाहुल्यांच्या शैलीतील कथन आणि संगीत यांची समीक्षकांनी प्रशंसा केली. लढतीतील ढोबळपणा, अल्प लांबी आणि अचानक येणारा शेवट हे दोष दाखविण्यात आले. 'द गेम अवॉर्ड्स २०२०'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले.

यांतील दोषदिग्दर्शन रास्त आहे आणि स्वदेशी निर्मिती म्हणून त्याकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. तथापि प्रशंसेकडे पाहिले असता वेगळा प्रश्न पडतो. पाश्चात्त्य समीक्षकाला भिंतीवरील पुराणकथा ही नवी माहिती आहे. मराठी खेळाडूला ती आजीच्या तोंडून, कीर्तनातून वा दूरचित्रवाणीवरून परिचित आहे. त्याच्या दृष्टीने प्रश्न असा की, परिचित कथेतून गेमने नवे काय घडविले? त्रिशूळ हाती घेणारी मुलगी हे केवळ दृश्य राहते, की खेळण्याच्या नियमांतूनही ते सामर्थ्य जाणवते? मूळ इंग्रजी संवादांत दुर्गा आणि विष्णू यांचे संभाषण ऐकताना आपल्या कानाला काय खटकते? नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आल्यावर हा अनुभव कितपत बदलला? हे प्रश्न येथील समीक्षकानेच विचारावयाचे आहेत. आपण ते विचारले नाहीत, तर पुण्यात घडलेल्या गेमचे मूल्यमापन करण्यासाठीही आपल्याला परकीय गुणांकावरच विसंबून राहावे लागेल.

निष्कर्ष

१) गेमचे परीक्षण हे संहितेवरील निवाडा नसून एका प्रयोगाची साक्ष असते. साक्षीदार कोठे उभा होता हे कळल्यावाचून साक्षीचे मूल्य ठरत नाही.
२) गुणांक हा अपरिचित गेमकडे लक्ष वेधण्यास उपयुक्त आहे, परंतु आवृत्ती, यंत्र, खेळाडू आणि भाषा हे चार संदर्भ तो पुसून टाकतो.
३) समीक्षक आणि सामान्य खेळाडू यांच्या मतांतील तफावत ही नेहमीच कोणाची तरी चूक नसते. संघटित गुणपातन वगळल्यास ती गेमच्या स्वरूपाविषयी काही सांगत असते.
४) मराठीतील गेमपरीक्षणात पुढील बाबींचा उल्लेख अनिवार्य मानावा : कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर, किती तास खेळली, गेम पूर्ण केला की नाही, प्रत विकत घेतली की निर्मात्याकडून मिळाली, आणि कोणत्या भाषेत खेळला. यानंतर कथा व क्रीडानियम यांच्यातील संवाद-विसंवादाची चर्चा यावी. गुण द्यावयाचेच असल्यास ते शेवटी द्यावेत.

समारोप

प्रारंभी उल्लेख केलेल्या विद्यार्थ्याला लेखन परत देऊन, आकडा वगळून पुन्हा लिहावयास सांगितले. दुसऱ्या लेखनात त्याने आपल्या यंत्राचे नाव, गेम कोठे कोठे थांबला आणि तरीही रात्रीच्या पावसात भिजलेले ते नगर पाहत आपण का थांबून राहिलो, हे लिहिले. भाषा अशुद्ध होती, परिच्छेद विस्कळीत होते. परंतु ते परीक्षण होते. नाट्यसमीक्षेने मराठी प्रेक्षकाला प्रयोग पाहण्याची दृष्टी दिली. गेम खेळणाऱ्या पिढीला तशीच दृष्टी द्यावयाची असेल, तर आरंभ वर्गातूनच आणि अशाच साध्या प्रश्नांनी करावा लागेल.